विडंबन कशाला म्हणावे आणि विटंबना कशाला

प्रश्न असा आहे. वर्तमानपत्रात पुतळ्याची 'विटंबना' होते, मासिकात एखाद्या प्रसिद्ध कवितेचे 'विडंबन' छापून येते आणि हिंदीतून भाषांतरित झालेल्या मजकुरात 'ही केवढी विडंबना' असे वाक्य वाचायला मिळते. हे तिन्ही शब्द एकच आहेत का? एकच असतील तर त्यांचा मूळ अर्थ नक्कल, थट्टा की अपमान? आणि वेगळे असतील तर कोणता शब्द कुठे वापरावा? भाषांतर आणि मुद्रितसंपादन यांत अनेक वर्षे काम करताना हा गोंधळ माझ्यासमोर वारंवार आला आहे. त्याचे परिणाम शुद्धलेखनापुरते राहत नाहीत, कारण चुकीचा शब्द पडला की एखाद्या विनोदी लेखकावर अवमानाचा आरोप सहज येऊन बसतो. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी निष्कर्ष सांगतो. तिन्ही शब्दांचे मूळ एकच आहे आणि त्या मुळाचा पहिला अर्थ 'अनुकरण करणे' असा आहे. थट्टा त्या अनुकरणावर नंतर स्वार झाली आणि अपमान त्याहूनही नंतर आला. मराठीने या एका शब्दाची दोन रूपे ठेवून घेतली आणि त्यांना वेगवेगळी कामे दिली: 'विडंबन' हे रूप वाङ्मयीन किंवा कलात्मक नकलेसाठी आणि 'विटंबना' हे रूप अप्रतिष्ठेसाठी. 'विडंबना' हे तिसरे रूप आजच्या मराठी मजकुरात ज्या अर्थाने दिसते, तो अर्थ हिंदीचा आहे.

आता मुळाकडे जाऊ. संस्कृतात 'विडम्ब्' असा धातू आहे. त्याच्या 'विडम्बयति' या रूपाचा अर्थ 'नक्कल करतो', 'सारखा दिसू पाहतो' असा होतो, आणि तेच रूप 'हसे करतो', 'फसवतो' या अर्थांनीही येते. यांपैकी पहिला अर्थ किती निर्मळ होता हे कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात दिसते. रघू राजा झाला आहे आणि शरद ऋतू आला आहे. राजाची चिन्हे म्हणजे श्वेत छत्र आणि चामरे. शरदाने पांढऱ्या कमळाचे छत्र धरले, फुललेल्या काशाच्या गवताची चामरे ढाळली आणि राजासारखे दिसण्याचा प्रयत्न केला. कालिदास म्हणतो, 'ऋतुर्विडम्बयामास न पुनः प्राप तच्छ्रियम्', म्हणजे ऋतूने रघूची नक्कल तर केली, परंतु त्याची शोभा काही त्याला लाभली नाही. येथे रघूची थट्टा मुळीच नाही. उलट नक्कल करणारा उणा पडला आहे आणि ज्याची नक्कल केली तो अधिक उजळून निघाला आहे. तरीही या ओळीत पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे, कारण नक्कल आणि मूळ यांच्यात एक फट राहते आणि हसू निर्माण होते ते नेमके त्या फटीतून.

दंडीच्या 'काव्यादर्शा'त उपमेची चर्चा करताना सादृश्य सूचित करणाऱ्या शब्दांची एक लांबलचक यादी दिली आहे. चेहरा चंद्रासारखा आहे असे सरळ म्हणण्याऐवजी कवी काय काय म्हणू शकतो, याची ती यादी आहे: चेहरा चंद्राशी स्पर्धा करतो, त्याला जिंकतो, त्याचा द्वेष करतो, त्याची निंदा करतो. त्याच यादीत 'विडम्बयति' आहे आणि 'हसति'ही आहे. सारखेपणा दाखवण्याचा एक मार्ग म्हणजे समोरच्याची नक्कल करणे आणि दुसरा मार्ग म्हणजे त्याला हसणे, ही जवळीक जुन्या काव्यशास्त्राला अशी ठाऊक होती.

'भागवता'च्या पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाची स्तुती करते, तेथे तर हा शब्द भक्तीच्या भाषेत येतो. माणसासारखे वागणाऱ्या भगवंताच्या मनात काय आहे ते कोणाला कळत नाही, असे सांगताना ती 'नृणां विडम्बनम्' असे म्हणते. मनुष्यांचे अनुकरण, मनुष्यासारखे वागून दाखवणे, एवढाच तेथे अर्थ आहे. आजच्या मराठी वाचकाने हे शब्द आजच्या अर्थाने वाचले तर त्याला वाटेल की देव माणसांची टर उडवतो आहे. जुना मजकूर वाचताना विडंबन शब्द दिसताच थट्टेचा अर्थ लावू नये, ही माझी पहिली सूचना याच कारणासाठी आहे.

मग थट्टा कोठून आली? तीही कालिदासापासूनच आपल्याजवळ आहे. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषात पार्वतीची परीक्षा पाहायला येतो आणि शंकराचीच निंदा करतो. तो तिला म्हणतो की तुझ्यापुढे आणखी एक 'विडम्बना' वाढून ठेवली आहे: गजराजावरून मिरवावी अशी तुझी योग्यता, आणि लग्न झाल्यावर तू म्हाताऱ्या बैलावर बसलेली दिसशील, तेव्हा मोठमोठी माणसे तुझ्याकडे पाहून हसतील. येथे 'विडम्बना'चा अर्थ हसे होणे, शोभा होणे असा आहे. तरी नीट पाहिले तर नकलेचा धागा तुटलेला नाही. नववधूची मिरवणूक हा एक ठरलेला थाट आहे. थाट तसाच राहिला आणि त्यातला हत्ती काढून बैल ठेवला, म्हणून हसू आले. रूप कायम ठेवून आतली वस्तू हलकी करणे ही आजच्या विडंबनकाव्याचीही रीत आहे, आणि ती या एका श्लोकात पूर्णपणे आली आहे.

नकलेचे आणि हास्याचे नाते शास्त्रातही सांगितलेले आहे. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात शृंगाराचे अनुकरण म्हणजेच हास्य, असे सूत्र आहे: 'शृङ्गारानुकृतिर्या तु स हास्यस्तु प्रकीर्तितः'. नायकाचे प्रेमळ बोलणे विदूषकाने करून दाखवले की तेच बोलणे हास्यास्पद होते, हा रंगभूमीवरचा नेहमीचा अनुभव या सूत्राच्या मागे आहे. त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागात एक कथा येते आणि ती या प्रश्नाच्या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते. भरताचे पुत्र नाट्यकलेत निपुण झाले, त्या विद्येचा त्यांना माज आला आणि त्यांनी ऋषींची टर उडवणारे ग्राम्य प्रयोग केले. ऋषी संतापले आणि त्यांनी नटांना शाप दिला. नकलाकाराला अपमानाबद्दल दोषी धरण्याचा प्रसंग नाट्यकलेच्या मूळ ग्रंथातच नोंदलेला आहे. म्हणजे नक्कल कोठे संपते आणि अवमान कोठे सुरू होतो, हा वाद कलेइतकाच जुना आहे.

पुढे सतराव्या शतकात दक्षिणेतील कवी नीलकंठ दीक्षित याने 'कलिविडम्बनम्' हे छोटे काव्य लिहिले. त्यात ज्योतिषी, वैद्य, मांत्रिक, कृपण धनिक अशा मंडळींचे ढोंग उघडे केले आहे. येथे दुसऱ्या कोणत्या काव्याची नक्कल नाही. कलियुगाचे वाभाडे काढणे हाच हेतू आहे. या नावापर्यंत येता येता शब्दातला 'हसे करणे' हा अर्थ स्वतःच्या पायावर उभा राहिलेला दिसतो.

आता मराठीकडे येऊ. मराठीत या शब्दाचे 'विटंबना' हे रूप फार पूर्वीपासून रुळलेले आहे. जुन्या मराठीत 'विटंबणे' हे क्रियापद आणि 'विटंबिले' यांसारखी त्याची रूपे सापडतात, आणि त्यांत दुर्दशा करणे, मानखंडना करणे हा अर्थ ठळक आहे. आज बोलण्यात आणि बातमीत 'विटंबना' हा शब्द जवळजवळ ठरलेल्या सोबत्यांबरोबरच येतो: पुतळ्याची विटंबना, मृतदेहाची विटंबना, राष्ट्रध्वजाची विटंबना, धर्मग्रंथाची विटंबना. या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कृती प्रत्यक्ष त्या वस्तूवर घडलेली असते. पुतळ्याला काळे फासले जाते, ध्वज फाडला किंवा पायदळी तुडवला जातो, देहाची हेळसांड होते. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा केंद्रीय कायदा पाहिला तर त्यातही जाळणे, विद्रूप करणे, तुडवणे अशीच क्रियापदे येतात. त्यांत नकलेचा मागमूस नाही. म्हणून 'विटंबना' हा शब्द वापरण्याआधी मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: जिला प्रतिष्ठा आहे ती वस्तू किंवा व्यक्ती प्रत्यक्ष अशा कृतीखाली सापडली आहे का? उत्तर होय असेल तर 'विटंबना' योग्य आहे आणि तेथे 'विडंबन' लिहिणे चूक आहे. 'पुतळ्याचे विडंबन' असे लिहिले तर मराठीत त्याचा अर्थ होईल त्या पुतळ्यासारखा दुसरा हास्यास्पद पुतळा घडवणे, आणि बातमीदाराला ते मुळीच सांगायचे नसते.

उलट दिशेची चूक अधिक घातक आहे. एखाद्या नेत्याची भाषणशैली घेऊन कोणी विनोदी लेख लिहिला आणि त्याला कोणी 'नेत्याची विटंबना' म्हटले, की शब्दानेच निवाडा देऊन टाकलेला असतो. लेख आवडणे न आवडणे, तो अन्यायाचा वाटणे, त्यावर कडक टीका करणे, हे सर्व वाचकाच्या अधिकारातले आहे. परंतु नक्कल आणि धूळधाण यांना एकच नाव देणे हे भाषेच्या दृष्टीने खोटे आहे, आणि संपादकाने ते मथळ्यात जाऊ देता कामा नये असे माझे ठाम मत आहे.

'विडंबन' हे रूप मराठीत आज मुख्यतः 'पॅरडी' या वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून स्थिरावले आहे आणि त्याचे मोठे श्रेय आचार्य अत्रे यांना जाते. १९२० च्या दशकात 'केशवकुमार' या नावाने त्यांनी लिहिलेल्या 'झेंडूची फुले' या संग्रहाने मराठी वाचकाला विडंबनकाव्य म्हणजे काय ते दाखवून दिले. त्या काळात रविकिरण मंडळाचे कवी लोकप्रिय होते, आणि कवितेतली ठरावीक हळवी शब्दकळा, तोच तो प्रेमविलाप, कवीपणाचा मिरवता आव यांना अत्र्यांनी हेरले. विडंबनाचे तंत्र समजून घ्यायचे असेल तर केशवसुतांची 'आम्ही कोण?' ही कविता आणि तिचे केशवकुमारांनी केलेले विडंबन शेजारी शेजारी ठेवून वाचावे. मूळ कविता शार्दूलविक्रीडित वृत्तातले चौदा ओळींचे सुनीत आहे. 'आम्ही असू लाडके देवाचे' असा कवींचा अभिमानाचा स्वर पहिल्या ओळीतच लागतो, आणि आम्हांला वगळले तर तारांगणे निस्तेज होतील, जगणे कवडीमोलाचे होईल, अशी घोषणा शेवटी येते. अत्र्यांनी वृत्त तेच ठेवले, प्रश्न तोच ठेवला, उत्तराचा आवेशही तोच ठेवला. बदलली ती फक्त उत्तर देणाऱ्याची उंची. मासिकात आपला फोटो छापून येण्यात धन्यता मानणारा कवडा त्या भव्य आसनावर आणून बसवला. त्यामुळे हसे केशवसुतांचे होत नाही. त्यांचा आव उसना घेणाऱ्यांचे होते. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे केशवसुत हे कृष्णाजी केशव दामले आणि केशवकुमार हे प्रल्हाद केशव अत्रे. दोघांच्याही वडिलांचे नाव केशव असल्यामुळे दोन्ही टोपणनावे अक्षरशः खरी आहेत.

या उदाहरणातून विडंबनाची खरी कसोटी हाती लागते. विडंबनाला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: कोणाचे तरी ओळखू येणारे रूप उसने घेतलेले असावे, आणि त्या रूपाने कोणाचे तरी हसे व्हावे. दोन्हींपैकी एकच असेल तर तो प्रकार वेगळा. एकनाथांची भारुडे घ्या. वासुदेव, जोशी, गोंधळी यांची बोली, त्यांचा आविर्भाव, त्यांच्या आरोळ्या नाथांनी हुबेहूब उचलल्या आहेत. रूप संपूर्ण उसने आहे. पण त्या रूपातून परमार्थ सांगायचा आहे आणि वासुदेवाची किंवा गोंधळ्याची फजिती करणे हा उद्देश नाही. म्हणून भारूड हे विडंबन नव्हे. आता 'दासबोधा'तला दुसरा दशक घ्या. पहिल्या समासात मूर्खांची आणि दहाव्या समासात पढतमूर्खांची लक्षणे समर्थांनी एकापाठोपाठ एक मांडली आहेत आणि ती वाचताना आपलाच चेहरा आरशात दिसावा असे होते. येथे कानउघाडणी आहे, बोचरे हसू आहे, पण कोणाच्या बोलण्याची किंवा लिहिण्याची नक्कल नाही. म्हणून तेही विडंबन नव्हे. त्याला उपहास म्हणावे, किंवा अधिक नेमकेपणाने उपदेशासाठी केलेला उपहास म्हणावे.

कसोटीतला दुसरा भाग, म्हणजे हसे नक्की कोणाचे होते हा भाग, सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो आणि त्यातून सर्वांत जास्त भांडणे होतात. विडंबनाचे रूप एकाचे आणि लक्ष्य दुसरेच, असे पुष्कळदा असते. 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत आणि ती चाल महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या कानात लहानपणीच बसते. त्या चालीवर कोणी परीक्षेला घाबरलेल्या विद्यार्थ्याचे किंवा निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवाराचे श्लोक रचले तर हसे होते ते विद्यार्थ्याचे किंवा उमेदवाराचे, समर्थांचे नव्हे. आरतीच्या चालीवर रचलेली महागाईची आरती, मंगलाष्टकांच्या धर्तीवर रचलेली राजकीय युतीची मंगलाष्टके यांचेही तसेच. अशा रचनेला 'मनाच्या श्लोकांचे विडंबन' किंवा 'आरतीचे विडंबन' म्हटले तर वाचणाऱ्याला वाटते की मूळ पवित्र रचनेचीच टवाळी केली आहे. मी अशा वेळी 'मनाच्या श्लोकांच्या चालीवर रचलेले उपहासपर श्लोक' असे लिहितो. चार शब्द जास्त खर्ची पडतात, परंतु रूप कोणाचे आणि नेम कोणावर हे दोन्ही स्वच्छ सांगितले जाते. अत्र्यांसारख्या विडंबनात मूळ काव्यप्रवृत्तीवरच नेम असतो, तेथे 'कवितेचे विडंबन' हे शब्द पूर्णपणे योग्य ठरतात.

शब्दाबाहेरही विडंबन घडते आणि ते आपण रस्त्यावर नेहमी पाहतो. आंदोलक एखाद्या सरकारी निर्णयाची तिरडी बांधतात, खांदेकरी होतात, पुढे मडके धरतात आणि प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढतात. अंत्यविधीचे संपूर्ण रूप उसने घेतलेले असते आणि हसे होते ते निर्णयाचे. बातमीत त्याला कोणी विडंबन म्हणत नाही, तरी कसोटी लावली तर ते अस्सल विडंबन आहे. तमाशाच्या बतावणीत आणि सोंगाड्याच्या तोंडी राजाच्या दरबाराची किंवा सावकाराच्या ऐटीची जी नक्कल येते, तीही याच जातीची.

आता शेजारच्या शब्दांविषयी. 'नक्कल' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द आहे आणि मराठीत त्याचा एक जुना अर्थ 'प्रत' असा आहे. कचेरीत दस्तऐवजाची नक्कल मिळते, आणि जुन्या संगीत रंगभूमीवर नटाच्या वाट्याची भाषणे लिहिलेली प्रत हीसुद्धा नक्कलच. 'नक्कल पाठ आहे का?' असे तालमीत विचारले जाई. माणसाच्या आवाजाची आणि लकबींची नक्कल करणे हा याच शब्दाचा पुढचा अर्थ. अनेकवचनात मात्र फरक पडतो. 'त्याने नक्कल केली' यात परीक्षेत दुसऱ्याचे पाहून लिहिले असाही अर्थ निघू शकतो, तर 'तो नकला करतो' म्हटले की करमणुकीसाठी माणसे उभी करणाऱ्या नकलाकाराशिवाय दुसरे कोणी डोळ्यांपुढे येत नाही. नकलेत हसे होईलच असे नाही. उत्तम नकलाकार ज्याची नक्कल करतो त्याच्यावरचे प्रेमही त्यात दाखवू शकतो. विडंबनासाठी मूळ रूपाला जाणूनबुजून थोडा बाक द्यावा लागतो, नकलेला तो लागत नाही. चित्रात हाच बाक आला की त्याला आपण अर्कचित्र म्हणतो.

नक्कल आणि थट्टा हे दोन्ही अर्थ एकाच वेळी पूर्णपणे सांगणारा घरगुती शब्द मराठीजवळ आहे, तो म्हणजे 'वेडावणे'. आई रागावून म्हणते, 'अभ्यासाला बस,' आणि धाकटा नाकातून, मान हलवत तेच शब्द परत म्हणतो. तेव्हा तो आईला वेडावतो किंवा तिला वेडावून दाखवतो. शब्द तेच, स्वर वाकडा, आणि हेतू चिडवण्याचा. या क्रियापदाचे कर्म 'ला' प्रत्यय घेऊन येते: मला वेडावतो, ताईला वेडावते. याच क्रियापदाचा दुसरा, अकर्मक अर्थ 'वेड लागल्यासारखे होणे' असा आहे, जसे 'त्या गाण्याने सगळी सभा वेडावून गेली'. दोन अर्थांत घोटाळा होत नाही, कारण वाक्याची रचनाच वेगळी असते. 'वाकुल्या दाखवणे' हा त्याचा मूक भाऊ आहे: तोंड वेडेवाकडे करणे, जीभ काढणे. त्यात बोलण्याची नक्कल नसते. त्याचा लाक्षणिक उपयोगही सुंदर आहे. महिनाअखेरीस रिकामे डबे वाकुल्या दाखवतात, असे आपण म्हणतो. औपचारिक लेखनात 'वेडावणे' हलके वाटते म्हणून लोक ते टाळतात आणि तेथे 'विडंबन करणे' घालतात. मुलाच्या वागण्याविषयी लिहायचे असेल तर ही दुरुस्ती करू नये. शाळेच्या अहवालात 'विद्यार्थी शिक्षकांचे विडंबन करतो' असे वाक्य मी वाचले आहे. 'विद्यार्थी शिक्षकांना वेडावतो' हे अधिक खरे, अधिक नेमके आणि त्या मुलाच्या वयाला शोभणारे आहे.

'उपहास' म्हणजे हसण्याच्या मार्गाने केलेला अनादर. त्याला नकलेची गरज नाही. 'उपरोध' म्हणजे बोलायचे एक आणि सुचवायचे उलटे. उशिरा येणाऱ्याला 'लवकरच आलात!' म्हणणे हा उपरोध. टिंगल, टवाळी, टर, खिल्ली हे शब्द बोलीतले आहेत आणि त्यांत खेळकरपणापासून दुष्टपणापर्यंत सर्व छटा बसतात. 'हेटाळणी' आणि 'कुचेष्टा' यांत मात्र खेळकरपणाला जागा नाही. एखाद्याच्या बोबडेपणाची किंवा लंगडण्याची नक्कल करणे याला विडंबन म्हणणे मला मान्य नाही. त्यात रूप उसने घेतलेले असले तरी ज्यावर माणसाचा इलाज नाही त्याला हसले जाते, आणि मराठीने त्यासाठी 'कुचेष्टा' हा स्पष्ट शब्द देऊन ठेवला आहे. तो वापरायला संकोच करू नये.

राहिला प्रश्न 'विडंबना'चा. हिंदीत 'विडंबना' हा शब्द आज प्रामुख्याने परिस्थितीतला उलटा योग, नशिबाने केलेली क्रूर थट्टा अशा अर्थाने वापरतात. हिंदी वृत्तवाहिन्या आणि भाषांतरित मजकूर यांच्यामार्फत तो मराठीत शिरला आहे आणि 'शेतकऱ्यालाच धान्य विकत घ्यावे लागते ही विडंबना आहे' अशी वाक्ये सर्रास छापली जातात. संस्कृतच्या दृष्टीने हा उपयोग अशुद्ध नाही. कालिदासाच्या पार्वतीच्या श्लोकापासून तो फार दूरही नाही. माझा आक्षेप निराळा आहे. मराठी वाचकाच्या मनात 'विडंबन' नकलेशी आणि 'विटंबना' अप्रतिष्ठेशी इतकी घट्ट जोडलेली आहे की मधला 'विडंबना' वाचताना तो क्षणभर अडखळतो, आणि पुष्कळदा मुद्रितशोधक तो शब्द 'विटंबना' असा 'सुधारून' वाक्य अधिकच बिघडवतो. त्या जागी मराठीत काय लिहावे हे प्रसंगावर अवलंबून आहे. दुर्दैवाचा भाव असेल तर 'दैवदुर्विलास' किंवा 'दैवाची थट्टा', दोन गोष्टींचा मेळ बसत नसेल तर 'विसंगती', आणि बोली मजकुरात तर आपल्या म्हणी तयार आहेत. मोठ्या जलाशयाच्या काठावरच्या गावाला टँकरने पाणी पुरवावे लागते, तेथे 'धरण उशाला, कोरड घशाला' या सहा-सहा अक्षरांच्या दोन तुकड्यांनी जे सांगितले जाते ते 'विडंबना' या एका शब्दाने मराठीत सांगता येत नाही.

कायद्याविषयीही अनेकदा विचारले जाते, म्हणून एवढे नोंदवतो. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात टीका आणि समीक्षण यांसाठी मूळ कृतीचा न्याय्य वापर करण्याची मुभा आहे, मात्र विडंबनाचा तेथे नाव घेऊन उल्लेख नाही. त्यामुळे प्रताधिकार असलेल्या गीताचे विडंबन छापताना मूळ ओळींच्या ओळी जशाच्या तशा उचलणे टाळावे. चांगल्या विडंबनाला त्याची गरजही नसते. वृत्त, यमक आणि एखादा कळीचा शब्द यांवरून वाचक मूळ ओळखतो.

व्याकरणाच्या बाजूने शेवटी एक गोष्ट, कारण रोजच्या लेखनात तीच सर्वाधिक आडवी येते. 'विडंबन' नपुंसकलिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन 'विडंबने'. 'विटंबना' स्त्रीलिंगी, सामान्यरूप 'विटंबने', म्हणून 'विटंबनेचा निषेध' आणि 'विडंबनाचा आनंद'. दोन्ही शब्दांबरोबर षष्ठी येते, आणि विडंबनाच्या बाबतीत ती दोन्ही बाजूंना उघडी असते. 'अत्र्यांचे विडंबन' म्हणजे अत्र्यांनी केलेले की अत्र्यांवर कोणी केलेले? विटंबनेत हा पेच पडत नाही, कारण तेथे षष्ठी नेहमी ज्याची अप्रतिष्ठा झाली त्याची असते. विडंबनात मात्र कर्ता आणि लक्ष्य दोघेही षष्ठीत मावतात आणि मथळ्यात तर खुलाशाला जागाच नसते. म्हणून लेखकाचे नाव येईल तेथे 'अत्र्यांनी केलेले विडंबन' आणि 'अत्र्यांच्या शैलीचे विडंबन' असे पूर्ण लिहावे, आणि कवितेचे नाव येईल तेथेच नुसत्या षष्ठीवर भागवावे.